थोपवलेल्या सहा नवम्या

पेटी हळू झाली की लोक आधी पेटीला शिव्या घालतात, मग कंपनीला, मग मला. आपण तिचं काय केलंय ते मात्र मरेस्तोवर सांगत नाहीत. एक गृहस्थ रोज ती उशीखाली घेऊन झोपायचे. एका बाईने ती ओल्या फडक्याने पुसली होती, उघडून, आतून! मिरजेच्या किल्ला भागात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी लग्नाचे फोटो नि सिनेमे ठेवायच्या हार्ड डिस्क यायच्या, आता त्यांच्याच वंशातल्या या स्मरणपेट्या येतात. दोन्हींची दुखणी तीच. वायर ढिली, जाळी तुंबलेली, पोट भरलेलं, नाहीतर आत काहीतरी अडकलेलं. मी प्राजक्ता खोत. गिऱ्हाइकं खोतबाई म्हणतात आणि माझ्या तोंडाला घाबरून असतात. असावीतच. पण एका रविवारी मला माझ्याच तोंडाची लाज वाटली, ते सांगते.

जानेवारी होता. सकाळी दहाच्या सुमाराला हेमंतराव पांचाळ बायकोला घेऊन आले. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे. वय अडुसष्ट, पण नखांत अजून काळं तेल. त्यांच्या बायको वृंदाताई शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांच्या कमरेला कापडी पिशवीत साबणाच्या डबीएवढी पेटी होती आणि तिची वायर ओढणीखालून कानामागे गेलेली.

“या ताई, बसा की. ओळखलंत का मला?”

वृंदाताई माझ्याकडे बघून गोड हसल्या, पण बोलल्या नाहीत. पेटीतली तबकडी घुरघुरत होती. मी खुर्ची पुढे केली, थंडीचं बोलले, हेमंतरावांनी रस्त्याच्या खोदकामाचं गाऱ्हाणं सांगितलं. आमचं ते बोलणं रंगात आलं असताना वृंदाताई मधेच म्हणाल्या, “अहो, खोतबाई ना तुम्ही! न ओळखायला काय झालं?”

एक्केचाळीस सेकंद. मी घड्याळाकडेच बघत होते.

“दिवाळीत बारा होते, मागच्या रविवारी चोवीस,” हेमंतराव खालच्या आवाजात म्हणाले.

“आणि तुम्ही संक्रांत झाल्यावर येताय? धन्य आहे तुमची!” मी ओरडले.

ज्यांना या पेटीशी कधी काम पडलं नाही त्यांच्यासाठी सांगते, आणि देव करो न पडो. मेंदूत, कानाच्या आतल्या बाजूला, हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटा भाग असतो. आज कोण भेटलं, काय घडलं, हे टिकाऊ करून ठेवणं त्याचं काम. मेंदूला काही मिनिटं प्राणवायू मिळाला नाही, तर पहिला तो मरतो. मग माणसाला जुनं सगळं आठवतं, आईवडील, शाळा, लग्न, मुलंबाळं. नवं काही थांबत नाही. सात-आठ मिनिटांत पाटी कोरी. स्मरणपेटी त्या मेलेल्या भागाचं काम बाहेरून करते. कवटीतली चिप मेंदूच्या पेशींच्या लहरी टिपते, पेटी त्या काचेच्या तबकडीवर कोरते, आणि मेंदू आठवायला लागला की शोधून परत पाठवते. धडधाकट पेटीला पाव सेकंद लागतो. आपली आठवण कमरेवरून आली हे माणसाच्या लक्षातही येत नाही.

उशीर झाला तर चिप वाट बघते, पण साठच सेकंद. तेवढ्यात पेटीने उत्तर दिलं नाही तर ती समजते की पेटी मेली, आणि मेंदूत भलतासलता प्रवाह शिरू नये म्हणून आपलं दार कायमचं लावून घेते. ते उघडायला कवटी उघडावी लागते. वृंदाताईंच्या हृदयाचं दुखणं बघता कुठलाही डॉक्टर ती शस्त्रक्रिया करायला धजला नसता. म्हणजे साठचा आकडा ओलांडला की ही बाई उरलेलं आयुष्य सात-आठ मिनिटांच्या तुकड्यांत काढणार. गेल्या आठवड्याचा वेग बघता माझ्या हातात जेमतेम आठवडा होता, आणि एखादा दचका बसला तर तोही नव्हता.

“पेटी काढावी लागेल,” मी म्हटलं.

रीतसर बंद केली की चिप अर्धी झोपते, सेकंद मोजत नाही. मी पेटी बंद केली, वायर काढली. वृंदाताईंनी दुकानभर नजर फिरवली. गेल्या सहा वर्षांतलं त्यांच्याकडे आता काही नव्हतं.

“हे कुठलं दुकान हो? ओवी आली का पुण्याहून?”

“येईल,” हेमंतराव म्हणाले. त्यांची बायकोला उत्तर द्यायची पद्धत मला तेव्हा फार मायेची वाटली.

मी कामाला लागले. आधी वायर. तपासली, बदलली, फरक नाही. मग जोडणीचं तोंड. लोक घरी चार्ज करताना कुठल्याही जुन्या भोकात खुपसतात आणि पिना वाकवतात. पिना सरळ होत्या. मग हवेची जाळी उघडली आणि माझा पारा चढला. जाळीत हळद होती. हळदीवर कुंकू, कुंकवावर धूळ, पुन्हा हळद, पुन्हा कुंकू. चिमट्याने थर सोडवत गेले तर सहा भरले.

“हेमंतराव, हे यंत्र आहे की गावदेवी?”

“खंडेनवमीचं आहे ते,” ते ओशाळून म्हणाले. “आमच्याकडे नवमीला लेथ, ड्रिल, हातोड्या, सगळं धुऊन-पुसून पुजतात आणि त्या दिवशी कशालाच हात लावत नाहीत. पेटी बसवली त्या वर्षी ही म्हणाली, तुमच्या लेथला एक दिवस विश्रांती आणि माझ्या यंत्राला का नको? तेव्हापासून दर नवमीला पेटी बंद करतो, पाटावर ठेवतो.”

“हळद-कुंकू लांबून वाहायचं होतं की! फूल ठेवायचं. पंखा आहे तिला, सगळं आत ओढून घेते ती.”

जाळी बदलली, पंखा साफ केला. बाकावर पेटी चालू करून मोजलं. अडतीस. तीन सेकंदांनी काय होतंय? तबकडीची जागा बघितली, अर्ध्याहून जास्त रिकामी. काचेवर ओरखडा बघितला, एक नाही. घर झाडून-पुसून झालं तरी वास येतच राहावा, तसं झालं होतं. मग राहिला ओटा.

ओटा हा आमच्या धंद्यातला शब्द. पेटी बंद असताना जे घडतं त्यातलं ठळक तेवढं चिप धरून ठेवते. पेटी चालू झाली की ते आधी पेटीच्या ओट्यावर येतं. तिथे जुन्या आठवणींशी ताडून बघितलं जातं आणि मग आत लिहिलं जातं. मधे कुणी ‘थोपवा’ असा शिक्का मारला तर ते ओट्यावरच बसून राहतं आणि दर दोन-चार सेकंदांनी विचारतं, येऊ का आत? दर वेळी पेटी ताडून बघायला सुरुवात करते आणि दर वेळी शिक्का तिला अडवतो.

वृंदाताईंच्या ओट्यावर सहा नोंदी बसलेल्या होत्या. सहाही ओवी या नावाशी बांधलेल्या. पेटी दिवसरात्र ओवीबद्दलचं सगळं उपसून त्यांच्याशी ताडत होती, आणि तिला दुसऱ्या कशाला सवडच उरत नव्हती. मी तारखा बघितल्या. सहा वर्षांच्या सहा खंडेनवम्या. शिक्क्याखालचा दुकानाचा नंबर बघितला. माझा होता.

दर दसऱ्याच्या सकाळी हेमंतराव बंद पेटी घेऊन बायकोसह यायचे. माझ्या हातात आपट्याची पानं द्यायचे आणि म्हणायचे, “चालू तुमच्याच हातांनी करा. आणि डॉक्टरांनी सांगितलंय, कालच्या दिवसाचं थोपवून ठेवा.” मी थोपवायची. कागद मागितला नाही, का म्हणून विचारलं नाही. गिऱ्हाइकाच्या पेटीत डोकवायचं नाही, हा माझा बाणा. मोठी मिरवायची मी तो.

हेमंतरावांना मी मागच्या खोलीत नेलं. दार उघडं ठेवलं, वृंदाताई तिथून दिसत होत्या.

“कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं हे?”

ते पडद्यावरच्या सहा तारखा बघत राहिले. मग मटकन स्टुलावर बसले.

“ओवी नाही बाई. घाटात गाडी कोसळली तेव्हाच गेली. गाडी तीच चालवत होती. हिची छाती दबली, म्हणून तर मेंदूचं हे असं झालं. पेटी बसवताना डॉक्टर म्हणाले, तीन महिने धक्का देऊ नका. मी म्हटलं, ओवीला रॉटरडॅमला नोकरी लागली, ती गेली. तीन महिने झाले, आणि मग मला सांगवेना. पोरीच्या जुन्या फोनमध्ये तिचा आवाज होता, तो घालून ॲप बनवून घेतलं. दर रविवारी दुपारी एकला ओवीचा फोन येतो. ही बोलते. मीही शेजारी बसतो ऐकायला.”

“आणि नवम्या?”

“पहिल्या नवमीला पेटी बंद होती. ही ओवी कुठे, ओवी कुठे करत होती. मला सहन झालं नाही, सांगून टाकलं. आम्ही दोघं दिवसभर रडलो, बाई. पोरगी गेल्यापासून मी पहिल्यांदा रडलो. कुणाजवळ रडणार होतो? तिच्या आईशिवाय कोण होतं? दुसऱ्या दिवशी हिला काही आठवत नव्हतं, आणि मला जरा श्वास घेता येत होता. मग पुढच्या वर्षी नवमीची वाट बघायला लागलो.”

मला त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती आणि त्याला पाणीही द्यावंसं वाटत होतं. मी पाणी दिलं.

“आता दोनच मार्ग आहेत,” मी म्हटलं. “सहा नोंदी आत लिहायच्या, नाहीतर पुसायच्या. जुन्या थोपवलेल्याला हात लावायचा तर कायद्याने पेटीधारकाची संमती लागते. सगळं समजावून सांगून, अंगठा. घाईत नको म्हणून अर्ध्या तासाने पुन्हा विचारायचं. दोन उत्तरं वेगळी आली तर तिसऱ्यांदा, आणि तिनातली दोन ज्या बाजूला ते करायचं.”

“पुसा. सर्व्हिसिंगचा कागद आहे म्हणून अंगठा घ्या. तिला कळणारही नाही.”

“तेच तर! तिला कळू नये म्हणूनच तुम्ही हे सगळं उभं केलंत, आणि मी तुम्हाला शिक्के मारून दिले. आता नाही. पेटी लावून सांगितलं तर धक्क्यानेच साठ ओलांडतील, म्हणून आताच सांगायचं. चला.”

मोठ्या तोऱ्यात म्हटलं मी ते. खरेपणाचं सगळं कंत्राट आपल्याकडेच आहे, अशा थाटात.

सव्वाअकराला हेमंतरावांनी बायकोसमोर खुर्ची ओढली आणि तिचे हात हातात घेतले. त्यांना सांगायची सवय होती. कुठे थांबायचं, कधी पाणी द्यायचं, कधी पाठीवर हात ठेवायचा, सगळं ठाऊक होतं. वृंदाताईंनी आधी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, मग त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो मी लिहीत नाही. शेजारचा झेरॉक्सवाला पळत आला, त्याला मी परत पाठवला. चार-पाच मिनिटांनी त्यांचा श्वास जागेवर आला. मी पेटीचं, नोंदींचं, सगळं समजावलं आणि विचारलं.

“लिहा,” त्या म्हणाल्या. “आई आहे मी तिची. पोरगी गेलेली मला माहीत नको?”

अंगठा लावला. आणखी दोन मिनिटं गेली. त्यांनी ओला चेहरा पुसला, ओढणीकडे नवलाने बघितलं आणि म्हणाल्या, “मला रडायला काय झालं हो? डोळ्यांत काही गेलं का? ओवीला फोन लावा की, पोचली का बघा.”

अर्धा तास आम्ही दोघं त्यांच्याशी ओवीबद्दल बोलत बसलो. म्हणजे त्या बोलत होत्या. ओवी फार तापट, भांडल्याशिवाय तिला घास गोड लागत नाही, मागच्याच आठवड्यात साध्या चटणीवरून दोन दिवस अबोला धरला. मी हूं हूं करत होते. दर सात-आठ मिनिटांनी चटणी पुन्हा सुरू व्हायची.

पावणेबाराला मी हेमंतरावांना खूण केली. ते उठून दाराशी गेले, चौकटीला टेकले. “माझ्याने नाही होत. वर्षातून एकदाचं बळ असतं माझ्यात.”

मग मी सांगितलं. मी दुरुस्तीची बाई. वायर जळाली सांगावं तसं सांगितलं. वृंदाताई खुर्चीवरून उठल्या, मागे सरकल्या. कपाटाला पाठ लागली.

“कोण आहात तुम्ही? काय बोलताय हे? अहो, ही बाई काय म्हणतेय बघा!” नवऱ्याचं तोंड बघून त्यांना कळलं. त्या खाली बसल्या, फरशीवरच. मी तिथेच उकिडवी बसून, फॉर्म हातात धरून, नियमाप्रमाणे विचारलं. काय माझा नियम!

“पुसा,” त्या दात आवळून म्हणाल्या. “मला नको हे. नको मला. पुसून टाका.”

अंगठा लावला.

हेमंतराव दारातूनच म्हणाले, “बघितलंत? मी वर्षातून एकदा हे करत होतो. तुम्ही एका सकाळी दोनदा केलंत, आणि अजून एक बाकी आहे.”

एकीकडे ‘लिहा’, एकीकडे ‘पुसा’, आणि दोन्हीवर एकाच बाईचा एकच अंगठा. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. फॉर्म फाडून टाकावा आणि गुपचूप सहाही नोंदी पुसाव्यात असं फार फार वाटलं. पेटी सुतासारखी सरळ चालली असती. रविवारी एकला फोन आला असता. सगळे सुखात. मग पुढच्या नवमीला सातवी नोंद येऊन ओट्यावर बसली असती.

बारा वाजून वीस मिनिटांनी मी हेमंतरावांसमोर उभी राहिले. “या वेळी तुम्हीच सांगायचं. तुम्हाला जमतं. मला येत नाही हे काम.” आणि आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या गिऱ्हाइकाला हात जोडले.

त्यांनी सांगितलं. तिसऱ्यांदा तो आवाज मी ऐकला. पण या वेळी वृंदाताईंनी रडता रडता नवऱ्याचा चेहरा दोन्ही हातांनी धरला आणि जवळून बघितला. शिक्षिकेची नजर होती ती.

“तुम्ही रडत नाही आहात. तुम्हाला हे पाठ झालंय. किती वेळा सांगितलंय मला?”

“दर वर्षी एकदा. सहा. आणि आज हे तिसऱ्यांदा.”

“मग मी काय करते?”

“रडतेस.”

“आणि?”

हेमंतराव गप्प. मला वाटलं आता हे काही बोलत नाहीत. पाच मिनिटं होत आली होती, आणखी दोन-तीन मिनिटं गप्प बसले असते तर त्या विसरल्या असत्या, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“संध्याकाळ झाली की म्हणतेस,” ते मान खाली घालून म्हणाले, “उद्या मी विसरलेली असेन, तर उद्या मला परत सांगा. ओवीची शपथ घालतेस. मी हो म्हणतो.”

“आणि सांगता?”

“नाही.”

“सहाही वेळा?”

त्यांनी मान हलवली. वृंदाताईंनी नाक पुसलं आणि माझ्याकडे वळल्या. “अंगठा कुठे लावायचा, बाई?”

“लिहायचं की पुसायचं, ताई?”

“लिहा. यांनी सहा वेळा हो म्हटलंय मला.”

पेटी कमरेला बांधली, वायर कानामागे लावली, सहाही शिक्के काढले. लिहिणं सुरू झालं. पडद्यावर उत्तराच्या उशिराचा आकडा होता. चाळीस. चव्वेचाळीस. पहिली नवमी आत शिरली तेव्हा वृंदाताई पुढे वाकल्या, पोटात कळ आल्यासारख्या. एकोणपन्नास. दुसरी. हेमंतराव त्यांच्या पायाशी बसले होते आणि काहीतरी पुटपुटत होते. चौथीला आकडा छप्पन झाला. मधेच बंद केली तर तबकडीला तडा जातो, आणि चालू ठेवली तर समोर साठ उभे. बटणावर माझं बोट होतं. सत्तावन्न. पाचवी. अठ्ठावन्न. तिथे तो आकडा थरथरत उभा राहिला. मी देवाचं नाव घेत नाही एरवी, तेव्हा घेतलं. मग एकतीस झाला. मग नऊ. मग घुरघुर थांबली, पंख्याचा बारीक आवाज तेवढा राहिला. पाव सेकंद.

वृंदाताई ताठ बसल्या होत्या. डोळे कोरडे होते. माझ्याकडे बघून लगेच म्हणाल्या, “खोतबाई, दुसऱ्या वेळी तुम्ही मला सांगितलंत. फार वाईट सांगितलंत.” आजची सकाळही चिपने धरून ठेवली होती. तीसुद्धा आत गेली होती.

“चुकले, ताई.” आणखी काय म्हणणार?

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. सहा नवम्या एकदम आठवत असलेली बाई काय बोलेल याची मी तयारी करून ठेवली होती. त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “उजाडला का हो, उद्या?”

हेमंतरावांनी तोंड ओंजळीत लपवलं. “मला रडायला कोणी नव्हतं गं.”

“आणि मला?”

वृंदाताईंनी ओढणी सारखी केली, पिशवीची गाठ घट्ट केली. “सहा वर्षं,” त्या म्हणाल्या, “दर रविवारी बोलले तिच्याशी. सहा वर्षांत पोरगी एकदाही माझ्यावर चिडली नाही. तेव्हाच कळायला हवं होतं मला.”

तेवढ्यात त्यांच्या पर्समध्ये फोन वाजला. मी घड्याळाकडे बघितलं. एक वाजला होता. पडद्यावर ओवीचा हसरा फोटो होता.

हेमंतराव झडप घालायला पुढे झाले. वृंदाताईंनी हात आडवा केला, फोन उचलला, मोठ्या आवाजावर ठेवला.

“आई, जेवलीस का गं?” तरणाताठा, लाडीक आवाज.

वृंदाताई ऐकत राहिल्या. शेवटचं जेवढं मिळेल तेवढं ऐकून घ्यावं तसं.

“आई? ऐकतेयस ना? थंडी आहे का तिकडे? इथे तर बर्फ पडतोय.”

वृंदाताईंनी डोळे मिटले, उघडले, आणि फोन नवऱ्यासमोर धरला.

“घ्या. तुमचा फोन आहे.”

त्या उठल्या, चपला घातल्या आणि कुणाचा हात न धरता माझ्या दुकानाच्या तिन्ही पायऱ्या उतरून रस्त्याला लागल्या. मागे वळून बघितलं नाही.

हेमंतरावांच्या हातात फोन होता. “आई, बोल ना,” तो म्हणत होता. बंद करायचं लाल बटण त्यांच्या अंगठ्याखालीच होतं. त्यांनी एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं.

आणि फोन कानाला लावला.